‘ठरवले की दारू एका दिवसात सुटते’ हा दावा जिवावर बेतणारा आहे

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप गटांत सध्या एक मजकूर फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: रोजची एक नाईंटी (९० मिली दारू) कष्टकऱ्याच्या अंगाला औषधासारखी असते, पिणारा स्वतःच्या पैशाने पितो, कोणाचे काही बिघडवत नाही, उलट त्याने भरलेल्या करातूनच कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे दोन हजार घरच्या बाईच्या नावावर येतात, आणि मनात आणले तर दारू एका दिवसात सुटते, त्यासाठी दवाखान्याची पायरी चढायला नको. हा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांत माझे नातेवाईकही आहेत, म्हणून त्याचे उत्तर नीट द्यायला हवे.

पहिला दावा औषधाचा. ४२.८ टक्क्यांच्या ९० मिली दारूत सुमारे ३० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. तिने अंगदुखी काही काळ जाणवत नाही हे खरे, पण दुखण्याचे कारण तसेच राहते आणि रात्रीच्या उत्तरार्धातली झोप मोडते. अंगात ऊब आल्यासारखे वाटते ते कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावल्यामुळे. प्रत्यक्षात शरीराची उष्णता बाहेर जात असते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ सालीच दारूला कर्करोगाच्या सिद्ध कारणांत धरले आहे, आणि प्रकृतीला निर्धोक म्हणता येईल असे दारूचे कोणतेही प्रमाण नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. निपाणीसारख्या तंबाखूच्या मुलखात तर ही गोष्ट अधिकच गांभीर्याने घ्यायला हवी, कारण तंबाखू आणि दारू एकत्र आली की तोंडाच्या व घशाच्या कर्करोगाचा धोका नुसता बेरजेने नव्हे, तर गुणाकाराने वाढतो.

दुसरा दावा पैशाचा. रोज शंभर रुपये दारूवर गेले, तर महिन्याला तीन हजार होतात. म्हणजे गृहलक्ष्मीचे दोन हजार जमा होण्याआधीच त्या घरातून हजार रुपये जास्त गेलेले असतात. पडलेले खाडे, बचत गटाचा थकलेला हप्ता, दहावीच्या आधीच फौंड्रीत किंवा हॉटेलात कामाला लागलेला मुलगा आणि रात्रीची मारहाण यांचा हिशेब तर त्या मजकुरात कुठेच नाही. कर्नाटकात १ जुलै २००७ पासून सारायीवर, म्हणजे पाकिटांतून मिळणाऱ्या स्वस्त दारूवर, बंदी आली. पाकिटे गेली आणि त्यांच्या जागी नाईंटी आली, एवढाच फरक अनेक घरांना जाणवला.

तिसरा दावा मात्र सर्वांत घातक आहे. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याचा मेंदू दारूच्या गुंगीशी जुळवून घेऊन स्वतःला सतत जास्त उत्तेजित ठेवायला शिकलेला असतो. दारू अचानक बंद झाली की ती उत्तेजना आवरायला काहीच उरत नाही. काही तासांत हात थरथरतात, घाम सुटतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. आणि काहींना दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम, ताप व छातीची धडधड सुरू होते. उपचार मिळाले नाहीत, तर या अवस्थेत माणूस दगावू शकतो. वडगावच्या एका यंत्रमाग कामगाराला मी अशा अवस्थेत पाहिले आहे. खाटेवर पडल्या पडल्या तो दोन्ही हातांच्या चिमटीत हवेतला धागा धरून गाठ मारत होता, तुटला म्हणून पुन्हा मारत होता, आणि बायकोला माग बंद करायला सांगत होता. आजारी मेंदू नेहमीचे काम असे हवेत करायला लावतो, हे डॉक्टरांना परिचयाचे आहे. घरच्यांनी मात्र बाहेरची बाधा समजून दोन दिवस देवऋष्याकडे घालवले होते.

गावातल्या दवाखान्यात एक सलाईन लावून घेतले की भागते, हाही गैरसमजच आहे. अशा रुग्णाच्या शरीरात जीवनसत्त्व बी-१ फार कमी झालेले असते. ते न देता नुसते ग्लुकोज चढवले, तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

निश्चय लागतोच, त्याशिवाय पुढचे काही होत नाही. पण निश्चयाने फिट थांबत नाही. त्यासाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली पाच-सात दिवस कमी-कमी करत दिलेल्या गोळ्या लागतात, आणि त्यानंतर ओढ आवरण्यासाठी औषधे, समुपदेशन व अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमससारख्या, दारू सोडू पाहणाऱ्यांनीच चालवलेल्या गटाची सोबत लागते. केंद्र सरकारच्या २०१९ च्या पाहणीनुसार दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कसलातरी उपचार मिळतो. ‘दवाखाना नको’ असे सांगणारा मजकूर उरलेल्या ३७ जणांना घरीच बसवतो.

बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात किंवा धारवाडच्या डिमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेत जाता येते, आणि १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन निःशुल्क आहे. जाताना सोबतच्या माणसाने रोजचे खरे प्रमाण, शेवटचा घोट कधी घेतला ती वेळ आणि पूर्वी कधी फिट आली होती का, या तीन गोष्टी लाज न बाळगता सांगाव्यात. औषधाची मात्रा त्यांवरून ठरते.