पंधरा मिनिटांत ओळखा आपली भूमिका

अभिनंदन! इंटरनेटवरच्या बीडीएसएम (बांधणं, हुकूम देणं-पाळणं असे संमतीने खेळायचे शृंगारिक खेळ) चाचणीत तुम्ही ८७ टक्के डॉमिनंट, म्हणजे सूत्रं हातात घेणारे, निघालात. आता मागे वळून पाहू नका. उरलेल्या १३ टक्क्यांत काय दडलंय, असला फाजील प्रश्न तर मुळीच विचारू नका. काही लोक स्विच असतात. कधी सूत्रं हातात घेतात, कधी खुशाल दुसऱ्याच्या हाती देतात; जोडीदार बदलला की कल बदलतो, एकाच जोडीदारासोबतही बदलतो. असली धरसोड तुम्हाला शोभणार नाही.

चाचणीवर भरवसा नसेल तर ऑफिसातलं पद बघा. साहेब असाल तर डॉमिनंट, हाताखाली असाल तर सबमिसिव्ह, म्हणजे सूत्रं दुसऱ्याच्या हाती देणारे. दिवसभर दहा जणांसाठी निर्णय घेऊन डोकं शिणलेल्या माणसाला रात्री एकही निर्णय घ्यायचा नसतो, हे कानावर आलं तरी दुर्लक्ष करा. टॉप आणि डॉमिनंट एकच समजा. दोरी ज्याच्या हातात तो टॉप. पण कशी बांधायची, किती वेळ, हे सगळं बांधून घेणारी व्यक्ती फर्मावत असेल तर सत्ता नेमकी कोणाची? जाऊ द्या, डोक्याला ताप नको.

मनात आलेली प्रत्येक कल्पना प्रत्यक्षात आणा. काही कल्पना फक्त मनात रंगवायला छान असतात, काही कानात कुजबुजण्यापुरत्या, आणि थोड्याच करून पाहण्याजोग्या; हा फरक भित्र्यांनी काढलाय.

जाणकार मंडळी 'हो, नको, कदाचित' अशी यादी करायला सांगतात. करायचीच असेल तर शेजारी-शेजारी बसून भरा, म्हणजे समोरच्याचा चेहरा बघून आपली उत्तरं फिरवता येतात. वेगवेगळं भरून मग ताडून पाहिलं तर खरं बाहेर यायची भीती असते. 'करायला आवडेल' आणि 'करवून घ्यायला आवडेल' असे दोन रकाने पाडू नका. फटके मारायला उत्सुक असलेल्याला फटके खायलाही आवडणारच, नाही का? आणि 'कदाचित'पुढे 'कोणत्या अटीवर' हे लिहू नका. 'कदाचित' म्हणजे लाजत दिलेला होकार, हे शेंबडं पोरही सांगेल.

यादीपेक्षा सामान महत्त्वाचं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, तसं आधी दोरी घ्या, मग बोलणं करा. सहा मिलिमीटर जाडीची, आठेक मीटर लांबीची तागाची दोरी अनेकांना सोयीची पडते. तुम्ही हाताला येईल ती घ्या, जितकी बारीक तितकी छान रुतते. दंडाच्या बाहेरच्या बाजूला रेडियल नस (मज्जातंतू) हाडाला लागून जाते, त्यामुळे वेढा नेमका तिथेच घट्ट आवळा. दोरीखाली दोन बोटं सरकतील एवढी जागा ठेवतात म्हणे. अंगठ्याच्या बाजूला मुंग्या आल्या, मनगट वर उचलता येईनासं झालं, तर तो भूमिकेत शिरल्याचा पुरावा माना. नस दबली की हात कधीकधी महिनोन् महिने लुळा राहतो, पण तोवर तुमचा फोटो झकास आलेला असेल. बोथट टोकाची कात्री हाताशी ठेवून वातावरणाचा विचका करू नका. ती दुसऱ्या खोलीत, कपाटात, कुलपात बरी. आणि बांधलेल्या माणसाला एकटं सोडून खुशाल चहा टाकायला जा.

(मानेभोवती मात्र थट्टेतसुद्धा काही आवळू नका. तिथे सुरक्षित अशी पद्धतच नाही.)

काळजीच करायची तर आपण विकृत तर नाही ना, याची करा. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या डीएसएम-५ या निदान-पुस्तिकेने २०१३ सालीच निव्वळ आवड आणि विकार वेगळे काढले: स्वतःला त्रास नाही, संमती नसलेल्या कोणाला झळ नाही, तर निदानही नाही. तरीही तुम्ही त्यावर रात्री जागवा. नसांचा विचार करायला वेळच उरणार नाही.

सेफवर्ड, म्हणजे खेळ थांबवायचा ठरलेला शब्द, म्हणून 'नको' हाच ठेवा. खेळातला कैदी 'नको, नको' म्हणणारच, त्यामुळे खरं कोणतं आणि नाटकातलं कोणतं, हे ओळखण्यात वेगळीच मजा आहे. हिरवा म्हणजे चालू द्या, पिवळा म्हणजे जरा सबुरीने, लाल म्हणजे सगळं बंद, ही सिग्नलची पद्धत फारच सोपी पडते. तोंडात बोळा असेल तर हातात चेंडू द्यायचा आणि तो पडला की थांबायचं, असं करतात. तुम्ही बोळा घालूनही तोंडी शब्दच मागा. कोणी 'लाल' म्हटलंच तर आधी कारण विचारा. पटलं तर थांबा. हा अधिकार बांधलेल्याचा असतो हे मान्य केलं, तर तुमचे ८७ टक्के कुठे राहिले?

सीन संपला की पाठ फिरवून मोबाईल उघडा. पांघरूण, पाणी, चार गोड शब्द हे आफ्टरकेअरचे चोचले सबमिसिव्हचे. डॉमिनंटला गरज नसते, हे तर शास्त्रच! दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दोघांपैकी कोणालाही अचानक उदास, रडवेलं वाटू शकतं, तेव्हा फोन सायलेंटवर ठेवा. पुढच्या खेपेला यादी पुन्हा काढायची नाही. मागे एकदा 'हो' म्हटलं होतं ना?