१८ सेंटचा पाणउतारा

परवा जळगावच्या सराफ बाजारात माझी जी शोभा झाली, तिला बायको अजून ‘गंमत’ म्हणते. लग्नाला २५ वर्षं झाली म्हणून हिला हिऱ्याची अंगठी, एवढंच निमित्त.

“काका, १८ सेंट, जी कलर, व्हीएस टू,” काउंटरवरचा पोरगा म्हणाला. १०० सेंटचा कॅरट, कॅरट म्हणजे २०० मिलिग्रॅम; म्हणजे खडा ३६ मिलिग्रॅमचा. ज्वारीचा दाणा! व्हीएस टू ही म्हणे खड्यात दोष किती कमी, त्याची प्रत. रंगाची प्रतवारी म्हणे डीपासून सुरू होते आणि डी सर्वांत उत्तम. आमच्या शाळेत ‘ड’ तुकडीतला पोरगा थेट केळीच्या बागेत दिसायचा.

त्यानं दहापट दाखवणारं भिंग हातात दिलं. मी डोळा बारीक केला आणि ओरडलोच, “डाग आहे! काळा!”

दुकान गप्प. शेजारच्या स्टुलावर पाटल्यांची मोड करायला आलेली एक आजी बसली होती. ती सरकली, भिंगाशिवायच खड्याकडे पाहिलं.

“हाई कितला तोया शे, भाऊ?”

तोळ्याचा पावणेतीनशेवा भाग, हे मला सांगवेना.

“आमी वांगं लेतस ते बी देठ पाहीसन लेतस. तुले तं दिसत बी नही!”

तेवढ्यात पोरानं भिंग फडक्यानं पुसलं. डाग गेला. घरून निघताना खाल्लेल्या शेवेचा कण होता तो, बोटावरून काचेवर गेलेला. व्हीएस टूचे खरे दोष दहापट भिंगाखालीही जाणकाराला शोधावे लागतात, हे तो आता ‘सर’ म्हणून समजावू लागला. त्यापेक्षा ‘काका’ बरा होता.

आणि माझा मुद्दा खोटा नव्हता! छतावरून एवढे दिवे सोडलेत की बाटलीची काचही लखलखेल. खडा उन्हात पाहतो म्हटलं, तर रखवालदार दारात आडवा. जे दोष मला दिसत नाहीत ते कमी आहेत, म्हणून मी जास्त पैसे मोजायचे. पुरावा काय, तर इंग्रजी सर्टिफिकेट. त्याचा नंबर खड्याच्या कडेवर लेझरनं कोरलेला, तोही भिंगाशिवाय वाचता येत नाही.

“मोड करशी तं कितला भेटतीन?” आजीनं विचारलं.

पोरगा मजुरी, जीएसटी, दुकानाची पॉलिसी असं काहीबाही बोलला. आकडा नाही बोलला.

आजीच्या पाटल्या तोवर काट्यावर चढल्या होत्या. तिनं वजन वाचलं, भाव विचारला, नोटा थुंकी लावून दोनदा मोजल्या आणि कनवटीला लावल्या. जाताना हिला म्हणाली, “बाई वो, तुना नवरा भोया शे.”

अंगठी घेतली. ही रोज बोट खिडकीशी धरते, आणि मी चष्मा शोधतो.