त्या यादीत माझ्या भावाचंही नाव येईल

अमेरिकेत कुठे शाळेत, मॉलमध्ये गोळीबार झाला की दोन दिवसांत आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मजकूर येतोच. या वेळी तो तिघांनी टाकला आणि त्याखाली हात जोडणाऱ्यांची रांग लागली. मजकूर थोडक्यात असा: "गोळ्या झाडणारा प्रत्येक जण मनोरुग्णच असतो, शहाणा माणूस असं करूच शकत नाही. बंदूक माणूस मारत नाही, बिघडलेलं डोकं मारतं. डोक्याच्या गोळ्या खाणाऱ्यांपासून सावध राहा. आपल्या एरियातल्या अशा लोकांची यादी पोलीस ठाण्यात द्या. आज अमेरिकेत झालं, उद्या नागपुरात होईल."

माझा धाकटा भाऊ १९ वर्षांपासून स्किझोफ्रेनिया या मोठ्या मानसिक आजाराची औषधं घेतो. आमचं घर नागपुरात, मानेवाड्याला. गणपतीत मंडपातली सतरंजी झटकून, घडी करून ठेवायचं काम दरवर्षी त्याच्याकडे असतं आणि ग्रुपवरच्या निम्म्या लोकांनी त्याच्या हातचा चहा प्यायलेला आहे. म्हणून त्या मजकुराला वाक्यावाक्याने उत्तर देते आहे.

"शहाणा माणूस असं करूच शकत नाही." हे ऐकायला बरं वाटतं, कारण त्यामुळे गोळी झाडणारा आपल्यातला उरत नाही. पण यात आधी कृत्य बघायचं आणि त्यावरून आजार ठरवायचा, असा उलटा कारभार आहे. तपासलेलं कुणीच नसतं. लांब कशाला जायचं, आपल्या महाराष्ट्रातच बघू. २ फेब्रुवारी २०२४ ला उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात गोळ्या सुटल्या. आरोप सत्ताधारी आमदारावर, आणि मूळ जमिनीच्या वादात. त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला वांद्र्यात बाबा सिद्दिकींना गोळ्या घातल्या गेल्या, तर पोलिसांचा तपास टोळी आणि सुपारीकडे गेला. यात मनोरुग्ण कोण? देशातल्या सगळ्याच खुनांचा हिशेब काढा. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या आकड्यांत २८,५२२ खून आहेत. त्यातले ९,९६२ वादावादीतून, ३,७६१ वैमनस्यातून, १,८८४ फायद्यासाठी. भांडण, खुन्नस, पैसा. नागपूरकराला हे आकडे बघायचीही गरज नाही. रोजचा पेपर उघडला की पानटपरीवरचा वाद, जुनी दुश्मनी, वर्चस्वाची लढाई हेच वाचायला मिळतं.

आता अमेरिकेचंच घ्या. तिथल्या एफबीआयने २००० ते २०१३ या काळातल्या ६३ हल्लेखोरांचा अभ्यास करून २०१८ साली अहवाल काढला. सार्वजनिक जागी लोकांवर गोळ्या झाडत सुटलेली ही माणसं. त्यातल्या २५ टक्क्यांना आधी कधीतरी कुठल्याही मानसिक आजाराचं निदान झालं होतं. भ्रम होणं, आवाज ऐकू येणं अशा मोठ्या आजाराचं निदान फक्त तिघांना होतं. अमेरिकेतल्या हिंसेवर बरीच वर्षं काम केलेल्या जेफ्री स्वॉन्सन यांचा अंदाज असा, की गंभीर मानसिक आजार उद्या एका फटक्यात नाहीसे झाले तरी एकूण हिंसा साधारण ४ टक्क्यांनी कमी होईल. उरलेल्या ९६ टक्क्यांचं काय करायचं, याबद्दल तो मजकूर एक शब्द बोलत नाही.

आता त्या ४ टक्क्यांबद्दलही खरं बोलते, कारण लपवून मला काही सिद्ध करायचं नाही. २००९ मध्ये भावाने चार महिने औषधं बंद केली होती. बातम्या सांगणारी बाई आपलं नाव घेते आहे असं त्याला वाटायला लागलं. एका रात्री त्याने टीव्ही फोडला, आणि मी अडवायला गेले तेव्हा माझा हात पिरगाळला. मनगटाला आठ दिवस क्रेप बँडेज होतं. तेव्हा मी घाबरले होते, आणि ती भीती खोटी नव्हती. कुणीतरी आपल्या जिवावर उठलंय असा पक्का भ्रम, सुटलेला औषधोपचार आणि त्यात दारू किंवा गर्द, असं एकत्र आलं तर धोका वाढतो. डॉक्टरही हेच सांगतात. पण १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मॅकआर्थर अभ्यासात, मनोरुग्णालयातून घरी गेलेल्या आणि नशा न करणाऱ्या रुग्णांची तुलना त्यांच्याच वस्तीतल्या नशा न करणाऱ्या शेजाऱ्यांशी केली, तेव्हा हिंसेत फारसा फरक सापडला नाही. नशा आली की दोन्हीकडे हिंसा वाढली. आमच्या कॉलनीत दारू पिऊन बायकोवर हात उचलणारे किमान दोघे मला माहीत आहेत. त्यांची यादी कुणी मागितलेली नाही.

उलटी बाजू मी रोज बघते. दिवाळीत गल्लीतली पोरं भावाच्या पायाशी सुतळी बॉम्ब टाकतात, तो दचकला की हसतात. बर्डीच्या बाजारात एकाने "एक फोन करू दे भाऊ" म्हणून त्याचा मोबाईल घेतला तो घेतलाच. हा तिथेच दोन तास उभा होता, माणूस परत येईल म्हणून. शिकागोत गंभीर मानसिक आजार असलेल्यांची पाहणी झाली होती, ती २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांच्यातल्या दर चौघांमागे एकाहून जास्त जण वर्षभरात हिंसक गुन्ह्याला बळी पडले होते. सर्वसाधारण लोकांच्या अकरापटीहून जास्त.

"बंदूक माणूस मारत नाही, बिघडलेलं डोकं मारतं." हे वाक्य आपलं नाहीच. ऑगस्ट २०१९ मध्ये एल पासो आणि डेटन इथल्या गोळीबारांनंतर अध्यक्ष ट्रम्प म्हणाले होते की चाप मानसिक आजार आणि द्वेष ओढतो, बंदूक नाही. त्यात निदान द्वेष तरी होता. नागपूरला पोचेपर्यंत तोही गळाला आणि फक्त आजार उरला.

डोकी तर सगळीकडेच बिघडतात. स्किझोफ्रेनिया जगभर जवळपास सारख्याच प्रमाणात, शंभरात एकाच्या आत सापडतो. आपल्याकडे २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढांना कुठला ना कुठला मानसिक आजार आढळला. म्हणजे आपल्याकडे आजारी माणसं कमी आहेत असं नाही. फरक बंदुकांचा आहे. जगभरातल्या बंदुकांची मोजदाद करणाऱ्या 'स्मॉल आर्म्स सर्व्हे'च्या २०१७ च्या आकड्यांनुसार अमेरिकेत सामान्य नागरिकांकडे १०० माणसांमागे १२० बंदुका, भारतात सुमारे ५.

साधन हाताशी असणं म्हणजे काय, हे विदर्भातल्या माणसाला मी काय सांगू? कपाशीच्या घरात फवारणीचा डबा खाटेखाली असतो. कर्ज, नापिकी, एक वाईट रात्र आणि हाताच्या अंतरावर तो डबा. श्रीलंकेने सगळ्यात घातक कीटकनाशकं एकेक करून बंद केली आणि १९९५ नंतरच्या वीस वर्षांत तिथला आत्महत्यांचा दर सुमारे ७० टक्क्यांनी खाली आला. तिथली दुःखं संपली नव्हती. ती वाईट रात्र निघून जायला वेळ मिळाला, एवढंच.

बंदूक आणि मानसिक आजार खरोखर भेटतात ते इथे, आत्महत्येत. २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसं मेली, त्यातल्या २६,३२८ आत्महत्या होत्या. निम्म्याहून जास्त. बंदुकीने केलेला प्रयत्न दहात साधारण नऊ वेळा जीव घेतोच. डिप्रेशनमधल्या माणसाच्या घरी बंदूक असेल तर पहिला धोका त्याच्या स्वतःच्या जिवाला असतो. फॉरवर्ड करणाऱ्यांना खरंच काळजी असेल तर ती या माणसाची करावी.

३१ जुलै २०२३ चं जयपूर-मुंबई गाडीतलं प्रकरण कुणीतरी लगेच पुढे करेल, म्हणून सांगते. रेल्वे सुरक्षा दलाच्या जवानाने आपला वरिष्ठ आणि तीन प्रवासी अशा चौघांना गोळ्या घातल्याचा आरोप आहे. काही तासांतच त्याच्या मानसिक स्थितीची चर्चा सुरू झाली. पोलिसांनी मात्र त्याच्यावर धर्माधर्मांत तेढ पसरवल्याचं कलमही लावलं. खटला कोर्टात आहे, त्याच्या मनात काय होतं याचा निवाडा मी करणार नाही. बातमी आल्या आल्या तो ग्रुपवर आपणही करू नये.

"डोक्याच्या गोळ्या खाणाऱ्यांपासून सावध राहा." टीव्ही फुटला तो गोळ्या बंद होत्या तेव्हा. एवढं पुरे.

आणि यादी. शस्त्र कायदा १९५९ चा आहे. त्याच्या कलम १४ मध्ये मनाचं संतुलन नसलेल्याला परवाना द्यायचा नाही हे तेव्हापासून लिहिलेलं आहे. पण नागपुरात पोलीस कट्टा पकडतात, माऊझर पकडतात, तेव्हा परवाना कुणी काढलेला असतो? तो माल मध्य प्रदेशातल्या खरगोन, बुऱ्हाणपूरकडून येतो, हे पोलिसांच्या कारवायांतून वारंवार दिसलं आहे. तो विकणारा डॉक्टरचा कागद मागत नाही. शिवाय २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने कलम २३ मध्ये रुग्णाची माहिती गुप्त राहण्याचा हक्क दिला आहे. तुमची यादी त्या कायद्यालाच छेद देते.

आणि अशा यादीने होईल काय? त्याच राष्ट्रीय सर्वेक्षणात दिसलं, की आजार असलेल्यांतले बहुसंख्य लोक उपचारांपर्यंत पोचतच नाहीत. आमच्या शहरात १८६४ पासून मनोरुग्णालय आहे, आणि तिकडच्या चौकाला आजही बिनदिक्कत 'पागलखाना चौक' म्हणतात. ऑटोवाल्याला तेच नाव सांगावं लागतं. मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यातल्या मानसोपचाराच्या ओपीडीत मागच्या डिसेंबरात माझ्या शेजारी एक मुलगी बसली होती, डोळे सोडून सगळा चेहरा दुपट्ट्याने बांधलेला. नागपुरात उन्हाळ्यात तसा सगळ्याच मुली बांधतात. पण बाहेर थंडी होती आणि आम्ही आत, बाकावर होतो. नाव पुकारल्यावर ती उठली, दोन पावलं गेली, मागे वळून कोण बघतंय ते पाहिलं आणि मगच आत शिरली. यादीची बातमी कानावर पडली तर ती पुन्हा येईल?

माझ्या भावाने तो मजकूर आईच्या फोनवर वाचला. चश्मा कपाळावर सरकवून, फोन डोळ्यांजवळ धरून, दोनदा. मग मला विचारलं, "ताई, नाव द्यायला मी स्वतः जाऊ की ते येतील?" त्याला त्यात अन्याय वाटला नव्हता. पोलीस ठाण्यात आधार कार्ड लागेल का, एवढीच त्याला काळजी होती.

हे सगळं मी काल रात्री ग्रुपवर टाकलं. तिथे अजून शांतता आहे. सकाळी मात्र ज्यांनी तो मजकूर टाकला होता, त्यांच्यापैकी एका काकूंचा मला वेगळा मेसेज आला: घरात एकाला महिनाभर झोप नाही, एकटाच बोलत बसतो, मेडिकलला कोणत्या वारी न्यायचं? मी वार कळवला, केसपेपर काढायची खिडकी कुठे ते सांगितलं, आणि रात्री-बेरात्री लागला तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिला. काकू कोण, हे मी घरातही कुणाला सांगितलेलं नाही.