नोंदणी करू इच्छिणाऱ्या पार्टनर मंडळींस

सांगलीत किंवा मिरजेत राहणाऱ्या, बरीच वर्षे एका चुलीवर जेवणाऱ्या आणि हा संसार एकदाचा सरकारदरबारी नोंदवून टाकावा असे वाटू लागलेल्या दोन पुरुषांनी (किंवा दोन स्त्रियांनी, नियम दोघांनाही अगदी सारखाच नाकारतो, त्यात भेदभाव नाही) एक गोष्ट आधी ध्यानात घ्यावी, की आपल्या भाषेत ‘पार्टनर’ या शब्दाची टंचाई नाही. वसतिगृहात खोली वाटून घेणारा रूम पार्टनर असतो, मार्केट यार्डातल्या हळदीच्या पेढीत पैसे घालणाराही पार्टनरच असतो. त्यामुळे ‘हे माझे पार्टनर’ अशी ओळख करून दिल्यास इथे कोणीही दचकत नाही. फार तर कसला धंदा आहे, एवढेच विचारतात. डेन्मार्कने १९८९ साली आणि ब्रिटनने २००४ च्या कायद्याने याच शब्दाला नवराबायकोच्या जवळपास नेऊन बसवले, ही त्यांची हौस झाली. आपण सांगलीच्या रीतीने चालावे.

विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात जाऊन पाहण्यास हरकत नाही, मात्र दुपारच्या जेवणाची वेळ टाळावी. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली तीस दिवसांची नोटीस फलकावर लावतात, याची तुम्ही धास्ती घेण्याचे कारण नाही, कारण तुमची नोटीस सोसायटीच्या जिन्यात गेली चौदा वर्षे तोंडी लागलेलीच आहे. अडचण पुढची आहे. त्या कायद्यात पुरुषाचे वय एकवीस आणि स्त्रीचे अठरा पूर्ण असावे असे लिहिले आहे, आणि तुम्हा दोघांच्या वयांची बेरीज ब्याण्णव भरली तरी तीतून अठरा वर्षांची एक वधू वजा करून काढता येत नाही. आम्हाला तिथल्या सद्गृहस्थांनी चष्म्यावरून पाहत विचारले, “वधू कुठं आहे?” वधू नाही, आम्ही दोघेच आहोत, असे सांगितल्यावर ते म्हणाले, “मग त्या आल्या की या.” यात त्यांचा दोष मुळीच नाही, अर्जात वर आणि वधू असे दोनच रकाने असतील तर माणसाने तिसरा कुठून आणायचा? याच सांगलीत १८४३ साली श्रीमंत चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी सीतेचे स्वयंवर रंगभूमीवर आणले, तेव्हा स्त्रीभूमिकाही पुरुषच करीत होते आणि वरमालेला कोणी हरकत घेतली नव्हती, हे त्या टेबलासमोर मुळीच काढू नये. नाटकाला टाळ्या लागतात, नोंदणीला शिक्का लागतो.

तुमची कायदेशीर स्थिती नेमकी काय, असे कोणी विचारल्यास ती अभिमानाने सांगावी. ६ सप्टेंबर २०१८ पासून, म्हणजे सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळल्यापासून, तुम्ही गुन्हेगार नाही. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी विवाह हा मूलभूत हक्क नाही यावर एकमत केले; सिव्हिल युनियनच्या, म्हणजे विवाह न म्हणता नात्याला कायदेशीर मान्यता मिळण्याच्या, हक्कावर मात्र मते तीन विरुद्ध दोन अशी पडली, म्हणजे तुमच्या बाजूने दोन मते आहेत, आणि एवढी मते आपल्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेतही तुम्हाला कधी पडलेली नाहीत. फेरविचाराचे अर्ज जानेवारी २०२५ मध्ये फेटाळले गेले. एकत्र राहण्यास कोणाची ना नाही, पण त्या राहण्याला नाव द्यायचे ते संसदेने, असा एकूण निकाल आहे. सांगलीकराला हा प्रकार समजावून सांगावा लागत नाही, कारण गुंठेवारीतल्या प्लॉटवर त्याने हयात काढलेली असते: घर उभे आहे, तुळस आहे, नळही आहे, फक्त उताऱ्यावर नाव नाही. तरी गुंठेवारीला नियमित करण्यासाठी राज्याने २००१ साली कायदा केला. जमीन होती म्हणून केला. माणसांच्या बाबतीत घाई करून चालत नाही.

त्याच निकालाला अनुसरून केंद्राच्या मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली आणि २०२४ च्या सप्टेंबरपर्यंत काही सवलती पदरातही पडल्या, त्यांचा लाभ अवश्य घ्यावा. तुम्हाला बँकेत संयुक्त खाते काढण्यास आणि एकमेकांना खात्यावर नॉमिनी नेमण्यास मनाई नाही, असे अर्थखात्याने स्पष्ट केले. म्हणजे मनाई पूर्वीही नव्हतीच, पण ती नसल्याचे आता कागदावर आले. शिधापत्रिकेसाठी तुम्हाला एक कुटुंब मानावे, असेही राज्यांना कळवण्यात आले आहे, तेव्हा रेशनच्या तांदळापुरते तुम्ही कुटुंब आहात, तांदूळ शिजल्यानंतर काय आहात हे त्या पत्रात नाही. तिसरी सवलत सर्वांत हृदयस्पर्शी आहे: जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तर जोडीदाराचा मृतदेह तुम्हाला मागता येईल.

मृतदेह होण्यापूर्वीच्या अवस्थेविषयी मात्र थोडे सबुरीने घ्यावे. आमच्या घरातला दुसरा माणूस मिरजेत सतारी घडवतो; दोन वर्षांपूर्वी त्याच्या छातीत कळ आली आणि मी त्याला रात्री अकरा वाजता एका रुग्णालयात नेले. मिरज हे वैद्यकीय उपचारांसाठी कर्नाटकापर्यंत नावाजलेले गाव असल्याने अर्जांचीही तिथे रेलचेल आहे, आणि प्रत्येक अर्जावर ‘रुग्णाशी नाते’ असा एक रकाना असतो. मी ‘मित्र’ लिहिले. खिडकीतल्या मुलीने अतिशय अदबीने सांगितले, “काका, मित्राची सही चालत नाही, घरचं कुणीतरी बोलवा.” घरचा मीच आहे, हे वाक्य मनात तयार होते, पण रांगेत मागे सात माणसे होती. मग मी ‘मित्र’ खोडून ‘चुलतभाऊ’ लिहिले आणि सगळे सुरळीत पार पडले. तुम्हालाही माझा हाच सल्ला आहे, की एखादे नाते आधीच ठरवून ठेवावे आणि ते दोघांनी पाठ करावे. आमच्याकडे खबरदारी न घेतल्यामुळे सकाळी डॉक्टरांनी त्याला विचारले तेव्हा तो मला मामेभाऊ म्हणाला. डॉक्टर समंजस होते, त्यांनी दोन्ही लिहून घेतली.

भ्रमिष्ट झाल्यास हा त्रास पडत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणे कोणाही सज्ञान माणसाला आपला प्रतिनिधी म्हणून हवी ती सज्ञान व्यक्ती नेमता येते, आणि तीही साध्या कागदावर सही किंवा अंगठा करून. हृदयाला वधू लागते, मेंदूला लागत नाही. आजार निवडण्याची संधी मिळाली तर हे लक्षात असू द्यावे. शिवाय वरील कार्यालयांच्या चार फेऱ्या मारल्या की पात्रताही आपोआप येते.

पैशाच्या बाबतीत भावनाप्रधान होऊ नये. नवऱ्याने बायकोला दिलेल्या भेटीवर आयकर नाही. तुम्ही मात्र जोडीदाराला वर्षभरात पन्नास हजारांहून अधिक दिलेत तर ती सगळी रक्कम त्याचे ‘इतर स्रोतांपासूनचे उत्पन्न’ ठरते. प्रेमाला इतका नेमका शब्द आमच्या कवींनाही सुचला नव्हता. मृत्युपत्र तर आजच करावे. ते केले नाही आणि तुम्ही गेलात, तर १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा आई, भावंडे, पुतणे, मग गोत्रज, मग भिन्नगोत्रज अशा क्रमाने माणूस शोधत जाईल, आणि गोव्यापासून गदगपर्यंत कोणीच सापडले नाही तर तुमची मालमत्ता सरकारजमा होईल. म्हणजे रांगेच्या शेवटी का होईना, सरकार तुमचे वारस आहे. ज्याने तुमची पथ्याची भाकरी थापली तो रांगेतच नाही. सरकारने आपल्याशी एवढे जवळचे नाते मानावे आणि आपण कुरकुर करावी, हे शोभत नाही.

तुम्हाला ‘भागीदारी’ नोंदवायचीच असेल तर १९३२ चा भागीदारी कायदा हात जोडून उभा आहे. तो भागीदारांचे लिंग विचारत नाही, फक्त धंदा आणि नफ्यातला वाटा विचारतो. तासगावचे बेदाणे घ्या, नाहीतर पेठेतले भडंग. मृत्यूने ही भागीदारी मोडते खरी, पण तसे होऊ नये असे करारात लिहून घेता येते, आणि ही सोय तर विवाहालाही नाही. आम्हीही एकदा बाँड घेण्यासाठी उभे राहिलो होतो. शंभराचा बाँड ऑक्टोबर २०२४ पासून पाचशेचा झाल्याचे तिथे कळले. विक्रेत्याने ‘कारण काय लिहू?’ म्हणून विचारले, तेव्हा आम्ही एकमेकांकडे पाहिले आणि चहा पिऊन परत आलो.

अखेर जी एक नोंदणी तुम्हाला कोणीही नाकारू शकत नाही, तीच करावी, आणि ती म्हणजे भाड्याच्या घराची. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने हा करार नोंदवणे सक्तीचे केले असून तो न नोंदवणाऱ्या घरमालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. म्हणजे तुम्ही दोघे एका छपराखाली राहता याची नोंद व्हावी म्हणून राज्य कोणालातरी तुरुंगात टाकायलाही तयार आहे. आणखी काय हवे? दोघांची छायाचित्रे एका पानावर येतात, दोघांचे अंगठे लागतात, दोन साक्षीदार असतात, आणि नाते विचारणारा रकाना त्यात नाही. आम्ही अकरा-अकरा महिन्यांचे असे पंधरा करार केले. लोक वाढदिवस वर्षाने करतात, आमचा एक महिना आधी येतो.

गेल्या महिन्यातच सोळावा झाला. एजंट विश्रामबागेतल्या आमच्या घरी लॅपटॉप आणि अंगठ्याचे यंत्र घेऊन आला, त्याने मागचा करार उघडला आणि विचारले, “सर, पार्टनर मागच्या वेळचेच ना?” तेच, म्हणालो. माझा अंगठा लगेच लागला. त्याचा सतारीच्या तारांनी झिजलेला असल्याने यंत्राला ओळखू येईना. एजंटने त्याचे बोट रुमालाने पुसले, मग मला म्हणाला, “सर, तुम्ही जरा वरून दाबून धरा.” मी धरले. तिसऱ्या खेपेला लागला.