ताट वेगळं, खिडकी बंद

मामेबहिणीला फुप्फुसाचा टीबी निघाला, औषधं सुरू झाली आणि चौथ्या दिवशी तिच्या ताटाच्या बुडाला लाल नेलपॉलिशचा ठिपका आला. तिच्या सासूबाईंच्या फोनवर मेसेज होता: 'सगळे संसर्गजन्य रोग स्पर्शानेच होतात. टीबी उष्ट्या भांड्यांतून, डेंग्यू रुग्णाजवळ बसल्याने, एड्स डास चावल्याने. रुग्णाचं सगळं वेगळं ठेवा.' परवा तो माझ्याकडेही आला, 'सर्वांना पाठवा' या आग्रहासकट. पाठवते, पण हे जोडून.

आधी टीबी. फुप्फुसाचा टीबी असलेला माणूस खोकतो, बोलतो तेव्हा जंतू घेऊन उडणारे कण इतके बारीक असतात की ते तासन्‌तास हवेत तरंगतात. श्वासाबरोबर ते फुप्फुसात खोलवर गेले की आजार रुजू शकतो. ताटावरचा किंवा चादरीवरचा जंतू तिथवर जाणार कसा?

१९५०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये रिचर्ड रायली आणि विल्यम वेल्स या संशोधकांनी सहा खाटांच्या टीबी वॉर्डातली हवा नळीतून वर नेऊन गिनीपिगांच्या पिंजऱ्यांत सोडली. स्पर्श, भांडी, उष्टं यातलं काहीच वर गेलं नाही, गेली ती नुसती हवा. तरी गिनीपिगांना टीबी झाला. पुढच्या टप्प्यात तीच हवा जंतू मारणाऱ्या अतिनील किरणांखालून नेऊन दुसऱ्या गिनीपिगांना दिली, तर ते वाचले. यात भांड्यांचा संबंध कुणी दाखवून द्यावा.

आणि इकडे ताट वेगळं करून बहिणीच्या खोलीची खिडकी बंद! का, तर वारा लागू नये. ज्या वाटेने जंतू घराबाहेर जायचे, नेमकी तीच बुजवली. औषध लागू पडलं की काही आठवड्यांत रुग्णाकडून संसर्ग होण्याची शक्यता झपाट्याने घटते. ठिपका मात्र तसाच राहतो, आणि अशा ठिपक्यांच्या धास्तीनेच माणसं आजार लपवतात, गोळ्या मध्येच सोडतात.

बरं, एवढं मान्य करावं लागेल की टायफॉइड, हिपॅटायटिस ए हे दूषित अन्नपाण्यातून आणि न धुतलेल्या हातांतून पसरतात. टीबीचाही एक प्रकार बाधित गाईच्या कच्च्या दुधातून येतो. पण त्यावर उपाय दूध तापवण्याचा आहे, त्यात ताटाचा काय दोष?

डेंग्यूच्या रुग्णाजवळ खुशाल बसा. फक्त त्याला मच्छरदाणी लावा, दिवसासुद्धा. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, आणि रुग्णाला चावलेला डासच विषाणू पुढे नेतो.

राहिला एड्स. सगळं स्पर्शानेच होतं म्हणणाऱ्याला दुसऱ्याच वाक्यात डास आठवला, हे एक. डासाच्या पोटात एड्सचा विषाणू एचआयव्ही वाढत नाही, पचून जातो. शिवाय डास रक्त ओढतो एका नळीने आणि लाळ सोडतो दुसरीने, त्यामुळे आधीच्या माणसाचं रक्त तो पुढच्याच्या अंगात टोचत नाही.

काल हे सगळं सासूबाईंना फोनवर सांगितलं. 'खिडकी उघडते,' म्हणाल्या, 'पण ताट राहू दे गं वेगळं.' रविवारी नेलपॉलिश रिमूव्हर घेऊन जातेय.