एक पेपर हवाय? डबा घेऊनच या

पीएचडीला लागलात? अभिनंदन. गाईडनी सांगितलंच असेल, 'पिअर रिव्ह्यूडच वाच, म्हणजे त्याच विषयातल्या तज्ज्ञांनी तपासलेलं, गूगलवरचं काहीबाही उचलू नकोस.' म्हणजे विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाणं आलं. दोन गोष्टी सांगतो. अनुभव परवाच्या मंगळवारचा आहे, अजून गरम आहे.

साडेदहाला जाऊ नका. ती दार उघडायची वेळ आहे, कामाची नाही.

ओपीएसीत, म्हणजे ग्रंथालयाच्या संगणकावरच्या यादीत, लेखाचं नाव टाकत बसू नका. तिथे जर्नलचं नाव सापडतं, आतला लेख नाही. हे कुणी सांगत नाही. मी पहिली सहामाही त्यात घालवली.

'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' हे शब्द काउंटरवर मोठ्यानं उच्चारू नका, मॅडम दचकतात. सरकारी विद्यापीठांना जर्नल्स वाचायला देणारी केंद्राची योजना आहे ती: ३० प्रकाशक, १३,००० च्या आसपास जर्नल्स, तीन वर्षांचे ६,००० कोटी, १ जानेवारी २०२५ पासून चालू. असेल. आपण कशाला बोला?

घरून वाचायचंय? सोप्पं. लॉगिनसाठी अर्ज करा. त्यावर गाईडची सही, गाईड पेपर तपासणीला. एचओडींची सही मिळाली तर शिक्का कपाटात, किल्ली क्लार्कच्या खिशात, क्लार्क रजेवर. आठ दिवसांनी अर्ज नेला की कळतं, फॉर्म जुना, नवा झेरॉक्सवाल्याकडे. पुन्हा सगळ्या सह्या. "मेलवर येईल हं." तीन आठवडे स्पॅमसुद्धा चाळला. मंगळवारी गेलो तर मॅडम म्हणतात, "अहो, कॅम्पसमध्ये लॉगिन लागतंच कशाला? इथेच बसा की." बसतो! कुठे बसू? आठ संगणक, सहांवर 'नादुरुस्त'ची चिठ्ठी, सातव्यावर एक साहेब रेल्वेचं तिकीट काढतायत, आठव्याला माउस नाही. आणि वायफाय? त्याचा फॉर्म वेगळा!

वैतागून 'सात दिवसांत प्रकाशन'वाल्या जर्नलांकडे वळू नका. तिथे पिअर रिव्ह्यू म्हणजे पैसे जमा झाले का ते बघणं.

जाऊ द्या, उपरोध बास झाला. पैसे सरकारनं भरलेत, म्हणजे आम्हीच. योजना राबवणाऱ्या गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटनं दार उघडून ठेवलंय आणि कडी तुम्ही विद्यापीठवाले लावून बसलायत. चर्चासत्रात 'हल्लीची पोरं वाचत नाहीत' म्हणून गळे काढता, पोरांनी टेलिग्रामवरून पीडीएफ उतरवली की नीतिमत्तेवर तासभर बोलता, आणि एक आयडी तयार करायला तीन आठवडे? लाज वाटू द्या जरा. माझा अर्ज तुमच्याच टेबलावर आहे, डावीकडच्या ट्रेमध्ये. वर चहाचा कप आहे, तो उचला.