आजीची भक्ती हजेरीपटावर मोजू नका

आजीच्या दफनविधीला जमलेल्या बहुतेकांनी तिच्याविषयी एकच गोष्ट आवर्जून सांगितली, की आजींनी कधी रविवारची उपासना चुकवली नाही. ते खरेच होते. तरीही ऐकताना मला वाटत राहिले, की चर्चच्या मंडळीतल्या बायकांची भक्ती आपण हजेरीपटावर मोजतो आणि त्यांनी उपसलेले काम सोयीस्करपणे विसरून जातो.

आजी नेवासे तालुक्यातली. ज्या नेवाशात १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली, त्याच परिसरातल्या एका खेड्यात, मिशनच्या शाळेत ती अक्षरे शिकली. अमेरिकन मराठी मिशनचे काम नगरला १८३१ साली सुरू झाले असले, तरी आमच्या भागातली कितीतरी महार आणि मांग कुटुंबे ख्रिस्ती झाली ती १८७६ ते १८७८च्या दुष्काळानंतरच्या काळात. त्यामुळे ‘भाकरीसाठी बाटलेले’ हा टोमणा आजीने लहानपणापासून ऐकला होता. त्यावर तिने वाद घातल्याचे कोणाला आठवत नाही. भाकरी करायला बसली, की परातीत पीठ घेण्याआधी ती एक मूठ चुलीजवळच्या डब्यात टाकायची आणि डबा भरला, की तो महिला मंडळाच्या हवाली करायची. १९७२च्या दुष्काळात, गावेच्या गावे खडी फोडायला जात होती आणि सुकडी व मिलो या परदेशी ज्वारीवर दिवस काढत होती, तेव्हा ती मूठ लहान झाली, पण थांबली नाही. (ही उदारता घरच्यांच्या वाट्याला फारशी येत नसे. आमच्या चहात साखर घालताना ती चमचा बोटाने सपाट करायची.)

तिचे धर्मशिक्षण प्रवचनांपेक्षा गाण्यांतून झाले असावे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची पदे तिला ‘उपासना संगीत’ हे गीतांचे पुस्तक न उघडता येत. नगरकडे ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा एकोणिसाव्या शतकापासूनची असल्यामुळे टाळ आणि पेटी यांच्याशिवायची उपासना तिला अळणीच वाटे. तरुणांनी कीबोर्ड आणून भाषांतरित गाणी सुरू केली, तेव्हा तिने पाळकसाहेबांना सगळ्यांसमोर विचारले, “साहेब, ही भक्ती आहे का कवायत?” तिचे हे मत मला तेव्हा जुनाट वाटले होते आणि आजही थोडे तसेच वाटते; पण आपल्या देवाशी आपल्याच चालीत बोलण्याचा तिचा आग्रह मला पटतो.

खरी आजी दिसायची ती हंगामाच्या सणानंतर. शेतातला पहिला माल, कोंबड्या, अंडी, लाल भोपळे असे सगळे वेदीपुढे यायचे आणि उपासना संपली, की त्याचा लिलाव व्हायचा. पुरुष मंडळी चारचौघांत मोठमोठ्या बोली लावायची, भोपळा घरी न्यायची आणि पैसे द्यायचे विसरायची. आजी महिला मंडळाची खजिनदार होती. वही काखेत मारून ती एकेकाच्या दारात जाऊन उभी राहायची, आणि वसुली होईपर्यंत चहासुद्धा घ्यायची नाही. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या ज्या पंचकमिटीचे सभासद तिला पाहून मागच्या दाराने निघून जात, त्या कमिटीत तेव्हा एकही बाई नव्हती.

१९७० साली अनेक प्रोटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, तेव्हा आमचे देऊळही (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो) त्यात गेले. त्याचा मोठा आनंद झाला होता म्हणतात. आजीचे म्हणणे एवढेच होते, की पाटी बदलली, पत्रे तेच गळतात. पुढे ते पत्रे बदलले, आणि त्यातला बराचसा पैसा तिच्या वहीतला होता. त्या वर्षीचा वार्षिक अहवाल मी अलीकडे वाचला. त्यात पाळकांचे नाव आहे, सगळ्या पंचांची नावे आहेत, आणि शेवटी ‘महिला मंडळाचे मोलाचे सहकार्य लाभले’ अशी एक ओळ आहे. माझ्या मते ती ओळ उलटी लिहायला हवी होती: काम बायकांनी केले, पंचांचे सहकार्य लाभले, आणि तेही आजी दारात उभी राहिल्यावर.